सशाला औषध पाजताना

चारकोपहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. घरी दोन वर्षांचा पांढरा ससा आहे. मुलांनी हट्ट धरला म्हणून फुले मंडईतून आणलेला. चार दिवस झाले, तो सारखा शिंकतो आणि नाक ओलं दिसतं. धाकट्या मुलाला मागच्या आठवड्यात सर्दी झाली होती, त्याच्या अमॉक्सिसिलिनच्या सिरपची अर्धी बाटली फ्रिजमध्ये उरली आहे. "एवढ्याशा मुलाला चालतं, मग सशाला अर्धा चमचा दिलं तर काय बिघडेल?" असं त्या विचारतात. औषधाच्या दुकानातला मुलगाही "द्या की, काही होत नाही" म्हणाला म्हणे.

ताई, देऊ नका. आणि ज्या ज्या घरी ससा आहे, तिथल्या भगिनींनीही एवढी एक गोष्ट स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहून ठेवावी: ज्या औषधाच्या नावाच्या शेवटी 'सिलिन' येतं, ते सशाच्या तोंडात जाता कामा नये. पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन, सगळी त्यातच आली. त्यांच्या खाली क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन ही तीन नावंही लिहा. औषधं म्हणून ती वाईट नव्हेत. माणसांची मोठमोठी दुखणी त्यांनी बरी केली आहेत. पण सशाच्या पोटाला ती सोसत नाहीत.

कसं ते सांगते. आपल्या पोटात आंत्रपुच्छाची जेमतेम करंगळीएवढी शेपटी असते ना, त्या जागी सशाच्या पोटात भली मोठी पिशवी असते, जठरापेक्षा कितीतरी मोठी. त्या पिशवीत उपयोगी जंतूंचं विरजणच लागलेलं असतं म्हणा ना! गवताचा चोथा तिथे आंबतो आणि सशाला लागणारी जीवनसत्त्वं तयार होतात. मग हा आंबलेला भाग द्राक्षांच्या लहानशा घोसासारख्या मऊ, चकचकीत लेंड्या होऊन बाहेर येतो आणि ससा तोंड खाली घालून तो तिथल्या तिथे खाऊन टाकतो. पाहून किळस वाटते खरी, पण त्याला ओरडू नका. ते त्याचं पचनच आहे. आता 'सिलिन'वालं औषध तोंडावाटे गेलं की या विरजणातले चांगले जंतू मरतात आणि भलतेच माजतात. त्यांचं विष आतड्यात पसरतं. ससा खाणं सोडतो, जुलाब लागतात आणि दोन-चार दिवसांत जीवही जाऊ शकतो. सर्दीने जो मेला नसता, तो सर्दीच्या औषधाने जातो.

कधीकधी जनावरांचे डॉक्टर सशाला पेनिसिलिनचं इंजेक्शन देतात. ते कातडीखाली जातं, पोटाच्या वाटेने नाही. त्यामुळे त्यावरून डॉक्टरांशी वाद घालू नये. मात्र तेच तोंडाने पाजायला सांगितलं, तर "हे सशाला चालतं का?" असं एकदा स्पष्ट विचारावं. विचारण्यात कमीपणा कसला?

दुसरी गोष्ट अशी, की ससा ओकू शकत नाही. कुत्रं, मांजर नको ते खाल्लं तर ओकून टाकतं. सशाच्या पोटात गेलेलं परत वर येत नाही. म्हणून चुकीचं औषध गेलंच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका. औषधाची बाटली किंवा पाकीट बरोबर घ्या, किती दिलं आणि किती वाजता दिलं ते कागदावर लिहा आणि सरळ दवाखाना गाठा.

शिंकांबद्दल म्हणाल, तर आधी घरात पाहा. सशाचा पिंजरा देवघराजवळ असेल तर उदबत्तीचा धूर, रात्री डासांची कॉइल, मिरचीची फोडणी, पावडरचा डबा, यातलं काहीही त्याच्या नाकाला पुरेसं होतं. ससा श्वास घेतो तो जवळजवळ सगळा नाकानेच. पिंजरा हलवून, खालची कागदं दोनदा बदलून एका दिवसात शिंका थांबल्या तर उत्तमच. पण नाकातून पांढरा, चिकट शेंबूड येत असेल, पुढच्या पंजांची आतली लव चिकटून कडक झाली असेल (ससा पंजांनीच नाक पुसतो), तर ती जंतूंची लागण असू शकते आणि डॉक्टरांशिवाय गत्यंतर नाही. तोंड उघडून धापा टाकत असेल, तर दुपारपर्यंतही थांबू नका.

आता डॉक्टर कुठला? कांदिवलीत पूर्वेला आणि पश्चिमेला दोन्हीकडे जनावरांचे दवाखाने आहेत, पण तिथे येतात ती मुख्यतः कुत्री नि मांजरं. निघण्याआधी फोन करून "तुमच्याकडे ससे तपासतात का?" एवढंच विचारा. "आणा, बघू" असं उत्तर आलं तर दुसरीकडे फोन करा. जवळ कुणी सापडलं नाही तर परळ आहेच. तिथे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय आहे, ज्याला जुनी माणसं अजून 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणतात, आणि लागूनच १८८६ साली सुरू झालेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय. तिथेही फोन करून वेळ विचारूनच जावं. रिक्षा वांद्र्याच्या पुढे शहरात जात नाही, तेव्हा घरूनच टॅक्सी केलेली बरी. भोकं असलेली, झाकणाची प्लॅस्टिकची टोपली घ्या, तळाशी जुना टॉवेल घाला म्हणजे पाय घसरत नाहीत, आणि गवताची मूठ आत असू द्या. एप्रिल-मे नाहीतर ऑक्टोबरचं ऊन असेल तर बर्फ केलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका बाजूला ठेवा. सशाला घाम येत नाही, तिशीच्या वर पारा गेला की त्याचा जीव कासावीस होतो. आणि एक: ऑपरेशनसाठी न्यायचं असलं तरी कुत्र्या-मांजरांसारखं रात्रभर उपाशी ठेवायचं नसतं. सशाचं पोट रिकामं राहणं हेच दुखणं.

घरोघरी एक वाक्य ऐकू येतं: "ससा आणला त्याहून डॉक्टरची फी जास्त!" हिशेबाने खरं आहे. पण ससा आणताना तो नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षं जगतो, हाही हिशेब करायला हवा होता. आणलेल्या जिवाचं औषधपाणी हे त्याच्या गवतापाण्यातच धरायचं, असं माझं मत.

डॉक्टरांनी औषध लिहून दिलं, की खरं काम आपलं सुरू होतं. सशाचा डोस वजनावर ठरतो. पाव किलोचाही फरक पडतो, कारण सगळा जीवच दीड-दोन किलोंचा! अंगापिंडाने मोठा दिसतो तो पुष्कळदा नुसत्या केसांनी. घरी स्वयंपाकाचा काटा असेल तर टोपली ठेवून शून्य करा आणि मग ससा ठेवा. नसेल तर ओळखीच्या वाण्याकडे जा. तो हसेल, पण वजन करून देईल. न्हाणीघरातला माणसांचा काटा एवढ्याशा वजनाला भरवशाचा नाही.

औषध पाजायला १ मिलिलिटरची, सुई नसलेली सिरिंज आणा. चमच्याने द्यायला जाऊ नका. आपला चहाचा चमचा अदमासे ५ मिलिलिटरचा आणि सशाचा डोस बहुधा एकाच्याही आत. घरात कुणाला मधुमेह असेल तर इन्शुलिनच्या सिरिंजा हाताशी असतात आणि एखादीला वाटतं, ही बारीक आहे, हीच बरी. मुळीच नको. तिला सुई जोडलेली असते आणि तिच्यावर मिलिलिटर नसतात, युनिट असतात. चाळीसच्या सिरिंजमध्ये १ मिलिलिटर म्हणजे ४० युनिट, शंभरच्या सिरिंजमध्ये तेच १००. तिथे 'चार'ची रेघ पाहून औषध भरलं तर काहीच्या काही होईल. दुसरा घोटाळा ठिपक्याचा. डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात ०.४ मधला ठिपका दिसला नाही तर त्याचे ४ होतात, म्हणजे दहापट! म्हणून दवाखान्यातच सिरिंज पुढे करा आणि "कुठवर भरायचं तिथे पेनने रेघ मारून द्या" म्हणा. बहुतेक डॉक्टर आनंदाने मारून देतात. पातळ औषध असेल तर बाटली हलवून मगच भरा, नाहीतर पहिले दिवस नुसतं पाणी आणि शेवटी तळचा गाळ.

आता पाजण्याची पद्धत. हे वाचून सोपं वाटेल, पहिल्या दिवशी वाटणार नाही, तिसऱ्या दिवशी हात बसेल.

ओट्यावर किंवा जेवणाच्या टेबलावर करू नका. ससा उसळी मारून खाली पडला की संपलंच. त्याच्या मागच्या पायांत भलताच जोर आणि पाठीचा कणा नाजूक. नुसतं धरून ठेवलं आणि त्याने हवेत लाथा झाडल्या तरी कमरेत कणा मोडतो, मागचे पाय लुळे पडतात. म्हणून जमिनीवर सतरंजी टाकून मांडी घालून बसा. हाताशी भरलेली सिरिंज, ओलं फडकं आणि कोथिंबिरीची काडी आधीच ठेवा. ससा धरल्यावर "अगं, ते औषध दे गं" अशी हाकाटी करावी लागली, की तो निसटलाच म्हणून समजा. कान धरून उचलायचा नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी चित्रांत पाहून मुलं उचलतात. त्यांना आधीच दटावून ठेवा. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि अंगाशी धरून उचलायचं.

बाळाला दुपट्यात गुंडाळतो तसं सशाला जुन्या टर्किश टॉवेलात गुंडाळायचं. टॉवेल पसरा, मध्ये ससा बसवा, तोंड एका कडेला. पुढचे पंजे शरीराखाली दुमडून घ्या. आधी एक बाजू अंगावरून घट्ट आणून पलीकडे खोचा, मग दुसरी, आणि मागचं टोक पुढे घेऊन ढुंगण झाका. फक्त डोकं बाहेर. घट्ट म्हणजे पाय हलू नयेत इतपत. छाती दाबू नये, श्वास चालताना टॉवेल वरखाली झालेला दिसला पाहिजे. हे बोचकं मांडीवर घ्या, ढुंगण तुमच्या पोटाशी टेकलेलं आणि तोंड बाहेरच्या बाजूला. म्हणजे तो मागे सरकून निसटत नाही, आणि पुढे जायला वाट तुमच्या कोपराने अडलेली.

उताणा करू नका. पुष्कळ जण सांगतात, उताणा केला की ससा अगदी शांत पडून राहतो. तो शांत झालेला नसतो, भीतीने गोठलेला असतो. आणि उताण्या जिवाच्या तोंडात औषध ओतलं तर ते श्वासनलिकेत जायला कितीसा वेळ लागतो? डोकं नेहमीसारखं समोर, आडवं. हनुवटी वर करायची नाही.

सशाचे पुढचे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते. ओठांच्या कडेला बोट लावलंत तर कळेल, तिथे दातच नाहीत. सिरिंजचं टोक त्या फटीतून बाजूने आत सरकवायचं, समोरून नाही. टोक जिभेवर आडवं यावं, घशाकडे रोखलेलं नसावं. मग थेंब-थेंब, अगदी थोडं दाबा आणि थांबा. ससा जबडा हलवेल, चघळेल, गिळेल. गिळलं की पुन्हा थोडं. ०.५ मिलिलिटर द्यायलाही तीन-चार वेळा थांबावं लागेल. एका दाबात मोकळं व्हायची घाई, हीच बहुतेक अपघातांची मुळी. औषध नाकातून बाहेर आलं किंवा तो खोकल्यासारखा करू लागला तर लगेच थांबा, डोकं किंचित खाली झुकू द्या, नाक पुसा आणि त्या वेळचं उरलेलं औषध देऊ नका. त्यानंतर श्वास घरघरू लागला तर डॉक्टरांना कळवा. अर्धं औषध बाहेर सांडलं असेल तरी अंदाजाने पुन्हा पूर्ण डोस भरू नये. पुढच्या वेळी नीट द्यावं.

शेवटी हनुवटी ओल्या फडक्याने पुसून काढा, म्हणजे केसांत चिकटपणा राहत नाही. आंघोळ मात्र घालू नका, सशाला ती मानवत नाही. टॉवेल सोडल्यावर लगेच कोथिंबिरीची काडी पुढे करा. दोन दिवसांत त्याला कळतं, की या छळानंतर काहीतरी बरं मिळतं. मुलांना ससा धरायला लावू नका, पण काडी द्यायचं काम त्यांना जरूर द्या.

सशांना लिहून देतात त्यांपैकी एन्रोफ्लॉक्सासिन हे औषध भलतंच कडू असतं. ससा तोंड वाकडं करतो, पंजा मारतो, दुसऱ्या दिवशी सिरिंज पाहून पिंजऱ्याच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. अशा वेळी डॉक्टरांना विचारून ते कुस्करलेल्या केळ्यात कालवता येतं. केळं किती? नखाएवढं. जास्त गोड गेलं तर पुन्हा ते पोटातलं विरजण बिघडतं. गोळी असेल तर दोन चमच्यांत दाबून पूड करता येते, पण सगळ्याच गोळ्या कुटायच्या नसतात, तेही विचारून घ्यावं. पिण्याच्या पाण्यात औषध मिसळायचा उपाय मला पसंत नाही. पाणी कडू लागलं की ससा पाणीच कमी पितो, आणि किती औषध पोटात गेलं याचा पत्ता कुणालाच नसतो.

घरात आपल्याशिवाय औषध देणारं आणखी कुणी असेल तर दुहेरी डोसाची भीती असते. सकाळी तुम्ही देऊन कामावर जाता, अकराला सासूबाई "राहिलं वाटतं" म्हणून प्रेमाने पुन्हा देतात. कालनिर्णयच्या त्या तारखेच्या चौकटीत वेळ लिहून ठेवायची आणि लिहिलेलं नसेल तरच द्यायचं, असा घरात नियम करा. औषध जितके दिवस सांगितलं तितके दिवस द्यावं. तिसऱ्या दिवशी शिंका थांबल्या म्हणून बंद करू नये.

औषध चालू असताना सगळ्यात जास्त लक्ष हवं ते खाण्याकडे आणि लेंड्यांकडे. रोज सकाळी केर काढताना लेंड्या पाहायची सवय लावा: किती आहेत, केवढ्या आहेत. एकदम कमी झाल्या, बारीक झाल्या, एकमेकींना चिकटून येऊ लागल्या, की पोट मंदावलं. बारा तास ससा काही खात नसेल किंवा लेंडी टाकत नसेल तर ती रात्र काढायची गोष्ट नव्हे, त्याच दिवशी दवाखान्यात न्यायला हवं. ससा दुखणं बोलून दाखवत नाही. रानात जो आजारी दिसतो तोच आधी मारला जातो, म्हणून तो शेवटपर्यंत लपवतो. कोपऱ्यात पाठ कमानीसारखी करून बसणं, दात करकरणं, आवडती कोथिंबीरही न हुंगणं, ही त्याची भाषा. हिंगाचं पाणी, ओवा, ग्राइप वॉटर असले आपल्या तान्ह्यांचे उपाय इथे करू नका, त्यात मोलाचे तास जातात.

खायला मात्र गवत भरपूर. पोळी, भात, बिस्किट, ब्रेड या दुखण्याच्या दिवसांत पूर्ण बंद. एरवीही नसलेलं बरं. दुकानातून वाळलेलं गवत आणा. तेही तोंडाला लावत नसेल तर ताज्या दूर्वा धुऊन, निथळून समोर धरा. मंगळवारी गणपतीसाठी आणलेल्या जुडीतल्या चार काड्या बाजूला काढल्या तर गणपती रागावणार नाही! पावसाळ्यात गवताला बुरशीचा वास येत असेल तर ते सरळ टाकून द्या.

वरून लावायच्या औषधांबद्दल दोन शब्द. सशाच्या कानात किंवा मानेवर खरूज झाली, पिसवा झाल्या, तर कुत्र्यांच्या मानेवर टाकतात ते गोचीड-पिसवांचे थेंब सशाला लावू नका. त्यांपैकी फिप्रोनिल नावाचं औषध कुत्र्याला चालतं, पण सशाला विषासारखं बाधतं, झटके येऊन ससा मरतो. पाकिटावर ते नाव वाचून पाहा. घरातली खाजेची मलमंही नकोत. त्यांतल्या पुष्कळांत स्टेरॉइड असतं, ते सशाला फार बाधतं, आणि लावलेलं मलम तो पाच मिनिटांत चाटून पोटात घालतो ते वेगळंच. डोळ्यांत घालायच्या थेंबांचंही तसंच. माणसांचे उरलेले थेंब नकोत. डॉक्टरांनी दिलेले थेंब घालताना वर सांगितल्याप्रमाणेच टॉवेलात गुंडाळायचं, खालची पापणी हलकेच ओढायची, आणि बाटलीचं टोक डोळ्याला टेकू द्यायचं नाही.

काहींच्या घरी सशांची जोडी असते आणि दुखणं एकालाच. आजारी सशाला दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवावंसं वाटतं, पण जोडीदार दिसेनासा झाला की ससा खाणं सोडतो, आणि परत आणल्यावर दोघं भांडतात असंही होतं. डॉक्टरांनी लागण होईल म्हणून वेगळं ठेवायला सांगितलं असेल तर गोष्ट निराळी. तसं नसेल तर एकत्रच राहू द्या, दवाखान्यातही एकाच टोपलीतून न्या. फक्त लेंड्या कोणाच्या ते कळायला हवं, म्हणून दिवसातून तास-दोन तास मध्ये जाळी लावून दोघांना शेजारी-शेजारी बसवा, खाली स्वच्छ कागद घाला आणि जाळी काढण्याआधी दोन्हीकडचे कागद पाहून घ्या.